नेट गेले? आधी वायर बघा, मग लॅपटॉपला बोल लावा

पावसाळ्यातल्या एका सकाळी कल्याण तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत जाणे झाले. गावाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण ही गोष्ट एकट्या त्या गावाची नाही. ओसरीवर सात-आठ माणसे बसली होती. कुणाला जन्माचा दाखला हवा, कुणाला घराचा नमुना ८ चा उतारा हवा. एक म्हातारे बाबा छत्री झटकत आत आले आणि संगणकावर बसलेल्या ताईंना म्हणाले, ‘‘आज तरी हाय का नेट? सोमवारी नाय म्हनलीस, बुधवारी नाय म्हनलीस. लावणी टाकून आलोय बघ.’’

ताई बिचाऱ्या काय सांगणार? लॅपटॉपच्या कोपऱ्यात चार दिवसांपासून एकच ओळ येत होती, ‘वायर जोडलेली नाही.’ आणि वायर तर डोळ्यांसमोर जोडलेली होती! शेवटी निदान ठरले. ‘‘या लॅपटॉपात लिनक्स आहे, म्हणूनच ही कटकट,’’ असे भाऊसाहेब म्हणाले. कल्याणला स्टेशनाजवळ लॅपटॉप न्यायचा, सगळे पुसून दुसरी प्रणाली टाकून आणायची, असा बेत होता. त्याच लॅपटॉपात घरपट्टीच्या याद्या होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते असे. लॅपटॉप खरेच कल्याणला गेला असता तर पैसे गेले असते, याद्या गेल्या असत्या आणि परत आल्यावर नेट तसेच बंद राहिले असते. कारण दोष लॅपटॉपात नव्हताच.

पाण्याची वाट, नेटची वाट

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. मोटार चालू आहे, पण वाफ्यात पाणी येत नाही. अशा वेळी आपण लगेच नवी मोटार आणतो का? नाही. वीज आहे का, विहिरीला पाणी आहे का, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला का, पाइप कुठे फुटला का, असे एकेक ठिकाण पाहत जातो. पाणी जिथवर येते आणि जिथून पुढे जात नाही, त्या दोन ठिकाणांच्या मधे दोष असतो.

नेटचेही तसेच. ग्रामपंचायतीत नेट येते ते बहुतेक ठिकाणी काचेच्या तारेने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये या योजनेला मंजुरी दिली. पुढे तिलाच ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती या तारेने जोडण्याचे उद्दिष्ट आहे. ही काचेची तार कार्यालयातल्या भिंतीवरच्या पेटीत येते. पेटी उजेडाचे विजेच्या खुणांत रूपांतर करते. तिथून आठ तांब्याच्या तारांची साधी लॅन वायर लॅपटॉपपर्यंत येते. लॅपटॉपच्या खोबणीत ती बसते आणि मग आतली प्रणाली पेटीकडून पत्ता मागून घेते.

म्हणजे ठिकाणे पाच : बाहेरची तार, पेटी, वायर, खोबण आणि आतली मांडणी. आम्ही त्या दिवशी ताईंना घेऊन हीच वाट पायी चालल्यासारखी चाललो.

पहिला प्रश्न : आधी काय बदलले?

यंत्र उघडण्याआधी माणसांना विचारावे. ‘‘ताई, नेट कधीपासून गेले?’’ गेल्या शुक्रवारपासून. ‘‘शुक्रवारी इथे काय झाले?’’ ताई म्हणाल्या, ‘‘काहीच नाही. छत गळायला लागले म्हणून शिपाईदादांनी लोखंडी कपाट तेवढे सरकवले.’’

कपाट सरकले आणि नेट गेले, या दोन गोष्टी चार दिवसांत कुणीच एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. गावात कुणी नवे वीजजोड घेतले, कुणी भिंतीला खिळा ठोकला, रस्त्याच्या कामाला जेसीबी आला, रात्री वीज कडाडली, कुणी ‘अपडेट’ दाबले, या सगळ्या गोष्टी विचारून घ्याव्यात. निम्मे निदान इथेच होते.

दिवे काय सांगतात?

मग पेटी पाहिली. वीज होती. पेटीवरच्या दिव्यांची नावे कंपनीनुसार थोडी बदलतात, पण ‘लॉस’ नावाचा लाल दिवा बहुतेक पेट्यांवर असतो. तो पेटला असेल तर बाहेरून उजेडच येत नाही असे समजावे. तार कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे. अशा वेळी लॅपटॉपला हात लावण्यात अर्थ नाही, सरळ तक्रार नोंदवावी. आमच्या पेटीवर लाल दिवा नव्हता. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर होता. म्हणजे पेटीपर्यंत नेट येत होते.

इथे एक सावधगिरी. पेटीत शिरणारी बारीक पिवळी किंवा काळी काचेची तार ओढू नये, मुठीत वळवू नये आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून तर कधीच बघू नये. आतला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आता लॅपटॉपची खोबण. वायर जिथे बसते तिथे बऱ्याच लॅपटॉपांना दोन बारीक दिवे असतात. वायर खरोखर जोडली गेली की एक दिवा लागतो आणि माहिती जाऊ-येऊ लागली की दुसरा लुकलुकतो. पेटीकडच्या टोकालाही तसाच दिवा असतो. ताईंच्या लॅपटॉपवर दोन्ही मेलेले. पेटीच्या टोकालाही अंधार. पाणी पेटीपर्यंत आले होते, लॅपटॉपपर्यंत पोचत नव्हते. मधे होती ती फक्त वायर.

लिनक्सकडूनही हीच साक्ष मिळते. ‘टर्मिनल’ नावाची काळी खिडकी उघडून इंग्रजीत आय-पी, मग मोकळी जागा, मग ए हे अक्षर टाइप करून एंटर दाबावे. यादी येते. त्यातले ‘एल-ओ’ म्हणजे यंत्र स्वतःशीच बोलते ती वाट, ती सोडून द्यावी. ‘ई-एन’ किंवा ‘ई-टी-एच’ या अक्षरांनी सुरू होणारे नाव म्हणजे वायरची खोबण. त्यापुढे ‘नो-कॅरिअर’ असे लिहिले असेल तर अर्थ सरळ आहे : खोबण जिवंत आहे, पण वायरच्या दुसऱ्या टोकाला कुणी नाही. म्हणजे लिनक्स चार दिवस खरेच बोलत होते. आपणच ऐकत नव्हतो.

वायर बदलली आणि दिवा लागला

कपाटाशी जाऊन पाहिले. लोखंडी पायाखाली वायर चेपून चपटी झाली होती. आतल्या आठ तारा दोन-दोनच्या पिळात असतात. त्यातल्या काही तुटल्या की बाहेरून वायर धडधाकट दिसते, पण आतून निकामी होते. एखादीच जोडी तुटली तर कधीकधी नेट चालते, पण मंद चालते.

कार्यालयात दुसरी वायर नव्हती. शेजारच्या शाळेतून हातभर लांबीची वायर मागून आणली, लॅपटॉप उचलून पेटीजवळ नेला आणि जोडला. दिवा टकदिशी लागला. बाबा ओसरीवरून म्हणाले, ‘‘आलं का?’’ ताईंच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू आले.

पण संकेतस्थळ काही उघडेना.

दुसरा दोष आपणच केलेला

हे नेहमी घडते. पहिला दोष सापडायच्या आधी चार जण चार ठिकाणी हात लावून गेलेले असतात. ताईंना पुन्हा विचारले. शनिवारी कुणाचा तरी भाचा आला होता. त्याने सेटिंग उघडून काही आकडे भरले, नेट आले नाही, तसाच निघून गेला.

नेटवर प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा पत्ता लागतो. पेटी तो आपोआप वाटते. भाच्याने लॅपटॉपला हाताने पत्ता देऊन ठेवला होता, १९२.१६८.०.५०. आणि पेटी वाटत होती १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते. एका आकड्याचा फरक, पण तो म्हणजे रायत्याचे पत्र गोवेलीच्या पेटीत टाकण्यासारखा. वायर चांगली असूनही बोलणे होणार नव्हते.

उपाय सोपा. सेटिंग्ज उघडावे, ‘नेटवर्क’मध्ये जावे, ‘वायर्ड’समोरच्या दातेरी चाकाच्या खुणेवर टिचकी मारावी, ‘आयपीव्ही४’ या पानावर ‘मॅन्युअल’ काढून ‘ऑटोमॅटिक’ करावे आणि ‘अप्लाय’ दाबावे. मग वायर्डचे बटण एकदा बंद करून पुन्हा चालू करावे. तेवढे केले आणि नेट आले. सगळे मिळून अर्धा तास लागला. बाबांना नमुना ८ मिळाला. कागदाची घडी खिशात ठेवताना ते म्हणाले, ‘‘एवढंच व्हतं होय?’’

एवढेच होते. पण एवढ्यासाठी एका माणसाच्या तीन फेऱ्या आणि लावणीच्या दिवसांतले तीन अर्धे दिवस गेले. असे ओसरीवर आठ जण होते.

तिथेही नाही सुटले तर

दिवा लागला, पत्ताही आपोआप आला, तरी नेट नाही, असेही होते. मग तीन हाका मारून बघाव्यात. टर्मिनलमध्ये ‘पिंग’ हा शब्द इंग्रजीत, पुढे मोकळी जागा आणि मग पत्ता. आकडेही इंग्रजीच टाकायचे. थांबवायला कंट्रोल आणि सी एकत्र दाबावे.

पहिली हाक घरच्या पेटीला. तिचा पत्ता वायर्डच्या माहितीत ‘डीफॉल्ट रूट’ या नावाने दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. उत्तर आले तर घरातली वाट नीट आहे. दुसरी हाक बाहेरच्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८. पेटी बोलते पण हा बोलत नाही, तर दोष पेटीच्या पलीकडे, म्हणजे तक्रार नोंदवावी. तिसरी हाक आकड्यांना नव्हे तर एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्यांना उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, बिघडली आहे. पेटी बंद करून दोन मिनिटांनी चालू केल्यावर हे पुष्कळदा सुटते. काही ठिकाणी पिंगला उत्तर देणे बंद ठेवलेले असते, म्हणून एका हाकेवरून निकाल देऊ नये.

तिन्ही हाकांना उत्तर येते, पण संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडते? मग लॅपटॉपची तारीख बघा. आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते आणि तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळे दार उघडत नाहीत.

मोबाइलचे हॉटस्पॉट जोडले तरी नेट चालत नाही, अशीही तक्रार येते. त्या वेळी वायर काढून बघावी. वायर आणि वायफाय दोन्ही असतील तर लिनक्स आधी वायरची वाट धरते. वायरला पुढे नेट नसले तर यंत्र तिथेच अडून बसते.

दोष खरेच लिनक्सचा असतो तेव्हा

लिनक्सचा दोष कधीच नसतो, असे म्हणणे खरे होणार नाही. सेटिंगमध्ये ‘वायर्ड’ हे नावच दिसत नसेल, तर खोबण चालवणारा आतला कार्यक्रम, म्हणजे ड्रायव्हर, बसलेला नाही किंवा खोबण जळाली आहे. एखाद्या अपडेटनंतर हे झाले असेल तर लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या यादीतून ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीची आवृत्ती निवडावी. त्यात वायर चालली तर दोष नव्या आवृत्तीचा.

एकाच लॅपटॉपात विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोज कधीकधी पूर्ण बंद न होता झोपते आणि खोबणही झोपवून ठेवते. विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे.

शंका राहिलीच तर अदलाबदल करावी. त्याच वायरला दुसरा लॅपटॉप लावून पाहावा. किंवा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून, काहीही न बसवता, ‘ट्राय’ म्हणून चालवून पाहावा. त्यावर नेट आले तर यंत्र ठीक आहे, बिघाड मांडणीत आहे. तिथेही नाही आले तर खोबण गेली. मग यूएसबीला लागणारी लॅनची जोडणी मिळते, तिने काम भागते. लॅपटॉप पुसण्याची पाळी या सगळ्यांनंतर येते. आणि त्याआधी याद्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेतलीच पाहिजे.

लिनक्सला नावे ठेवण्याआधी हेही ध्यानात घ्यावे. १९९१ साली फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले हे काम आज जगभर चालते. त्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत. आपल्या सी-डॅक संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती काढली. २०१५ साली केंद्र सरकारने सरकारी कामात अशा मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळातल्या सरकारी शाळांतली मुले त्यावरच शिकतात. आपल्याकडे अडचण प्रणालीची कमी आणि सांगणारा माणूस जवळ नसण्याची जास्त आहे.

पावसाआधीची डागडुजी

कोकणपट्टीच्या दमट हवेत पिनेचे पितळी दात काळे-हिरवे पडतात. वर्षातून एकदा वायर काढून कोरड्या फडक्याने पुसावी. पिनेचा चाप तुटला असेल तर वायर बसल्यासारखी दिसते, पण बसत नाही. नवी पिन मारून घ्यावी. पिन मारताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच असावा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

वायर उंदरांच्या वाटेवरून, दाराच्या फटीतून किंवा कपाटाखालून नेऊ नये, भिंतीच्या पट्टीतून न्यावी. १०० मीटरपेक्षा लांब नसावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त. काम संपल्यावर विजेचा प्लग तर काढावाच, पण लॅनची वायरही लॅपटॉपमधून काढावी. वीज तांब्याच्या तारेतून खोबणीपर्यंत येते. आणि एक जादा वायर कपाटात ठेवावी. तिची किंमत शंभर-दोनशे रुपयांच्या घरात, आणि ती नसल्याची किंमत आपण वर पाहिली.

नेट नाही, म्हणून अर्जही नाही?

आता गावकऱ्यांसाठी. काचेची तार बाहेर तुटली तर ताई किंवा भाऊसाहेब ती जोडू शकत नाहीत. पण तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेणे, तो क्रमांक, तारीख, वेळ आणि कोणता दिवा पेटला होता हे वहीत लिहिणे, हे त्यांच्या हातात आहे. ‘नेट बंद आहे’ एवढीच तक्रार केली तर समोरचा पहिल्यापासून प्रश्न विचारतो. ‘लॉसचा लाल दिवा सकाळी दहापासून पेटलेला आहे’ असे सांगितले की काम पुढे सरकते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. जन्म, मृत्यू, विवाह नोंदीचे दाखले, नमुना ८ चा उतारा अशा ग्रामपंचायतीच्या सेवा त्यात मोडतात. अर्जाची पोच मिळणे हा अर्जदाराचा हक्क आहे आणि मुदत पूर्ण भरलेला अर्ज दिल्यापासून मोजली जाते. म्हणून नेट नसले तरी कागदावर अर्ज घेऊन पोच द्यावी आणि नेट आल्यावर नोंद करावी. तेवढ्याने बाबांच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या. अगदीच तातडी असेल तर मोबाइल यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लिनक्स ते बहुधा विनातक्रार ओळखते.

उल्हास नदीला पूर आला की कल्याणला जाणेच अवघड होते. अशा दिवसांत गावातला तो एक लॅपटॉप म्हणजे गावाचे तहसील असते. तो चालता ठेवायला इंजिनिअर लागत नाही. आधी काय बदलले ते विचारावे, दिवे बघावेत, वायर बदलून बघावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेले वहीत लिहावे. शेतात हे आपण रोज करतो. कार्यालयातही तेच करायचे आहे.

निघताना ताईंनी पेटीशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर पाच ओळी होत्या : बाहेरची तार, पेटी, वायर, खोबण, मांडणी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘‘विचारल्याशिवाय कुणीही आकडे बदलू नयेत.’’ शिपाईदादांनी तो वाचला आणि न सांगता कपाट वीतभर पुढे ओढले.